हळद लावलेली गिटार

ऑनलाइन क्लासच्या पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला गिटार शिकून काय करायचंय?"

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पुण्यातल्या कुठल्याशा खोलीत बसलेल्या, मागे भिंतीवर दोन गिटारी टांगलेल्या. आम्ही चार विद्यार्थी, सगळ्यांचे केस एकतर पिकलेले नाहीतर रंगवलेले. नागपूरच्या बाई म्हणाल्या, स्वतःसाठी काहीतरी करायचंय. बँकेतले साहेब म्हणाले, टेन्शन कमी करायचंय. कोल्हापूरचे निवृत्त मास्तर म्हणाले, एक जुनं गाणं आहे, तेवढं आलं की बास, थिअरी वगैरे नको. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "टाइमपास."

आम्ही खोटं बोललो असं नाही म्हणता येणार, पण खरंही कोणी बोललं नाही. या वयात माणूस उगाच गिटार हातात घेत नाही. नागपूरच्या बाईंचा मुलगा गिटार घरी ठेवून परदेशी गेला होता आणि त्याचे फोन कमी होत चालले होते, हे पुढे कळलं. साहेबांना घरी कोणी विचारत नव्हतं, हे न सांगताच कळत होतं, कारण क्लास संपला तरी ते स्क्रीनवरून हलत नसत. मॅडम बिचाऱ्या स्केल शिकवायला बसायच्या आणि प्रत्येकाचं लक्ष आपापल्या गाण्याकडे. मोठ्या माणसांना शिकवणं अवघड आहे, असं त्या हसत म्हणायच्या, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आम्हाला वाद्य नको होतं, एकेक हरवलेली गोष्ट परत हवी होती.

मला माझ्या बायकोचं गाणं हवं होतं. कान पूर्ण जायच्या आत एकदा नीट ऐकायचं होतं. पण हे स्क्रीनवरच्या अनोळखी चेहऱ्यांना कसं सांगणार? म्हणून टाइमपास.

मी बोईसरच्या एमआयडीसीत, एका केमिकल कारखान्याच्या कंप्रेसर हाउसमध्ये ऑपरेटर आहे. अख्खं आयुष्य त्या घरघरीत गेलं. कानात घालायचे बोळे मिळतात, पण जुना ऑपरेटर ते खिशात ठेवतो. बोळे घातले तर बेअरिंगचा आवाज बदलला ते कळत नाही, आणि ते कळणं हीच तर आमची नोकरी. मशीनला बरं नसेल तर मला सगळ्यात आधी समजायचं. माझ्या कानांना बरं नाही हे मात्र मला सगळ्यात शेवटी समजलं. नवीन आलेली कंत्राटी पोरं पाठीमागून ओरडून थकायची. "चाचा, बहरे हो गए क्या?" मी म्हणायचो, हां, तुझ्या आवाजाला झालोय.

आत बोलून काही उपयोग नसतो, म्हणून आमचं सगळं काम हातवाऱ्यांवर चालतं. मूठ वर केली की बंद कर. अंगठा वर केला की चालू कर. आणि एक बोट वर धरून हवेत गोल गोल फिरवलं की त्याचा अर्थ, "चालू ठेव, थांबवू नको, इकडचं मी बघतोय." लग्न नवीन असताना या खुणा मी बायकोला करून दाखवल्या होत्या. ती पोट धरून हसली होती. मुलगी लहान असताना गोष्ट ऐकता ऐकता तेच बोट फिरवायची, कारण तिला गोष्ट संपायला नको असायची. मग मुलगी मोठी झाली आणि घरातल्या खुणा बंद पडल्या.

माझं गाव केळवे. बायकोचं माहेर एडवण, घरची होडी. तिच्या आत्याच्या गळ्यात हळदीची गाणी होती, आणि ती गाणी बायकोने ऐकून ऐकून उचलली. त्यातलं एक गाणं तिचं खास. पहिल्या कडव्यात नवरीची आई हळद कांडते आणि हात पिवळे होतात म्हणून डोळे पुसता येत नाहीत. दुसऱ्या कडव्यात नवरीचा भाऊ किनाऱ्यावर उभा राहून भरतीला सांगतो की आज जरा उशिरा ये, पाणी चढलं की बहिणीची होडी निघेल. तिच्या बहिणींच्या हळदीला मी हे गाणं ऐकलं होतं. नंतर ती बोंबील साफ करताना ते नुसतं गुणगुणायची, शब्द नाहीत, चाल फक्त. आवाज बारीक, उंच. मला वाटायचं ते गाणं घरात आहेच, नळाच्या पाण्यासारखं.

आमच्या मुलीच्या हळदीला तिने ते गायचं ठरवलं होतं. नवी साडी, पदर खोचलेला, दोन म्हाताऱ्या साथीला घेऊन बसलेली. पण गावातल्या पोरांनी डीजे आणला होता आणि त्याला थांबवायला कोणाला धीर झाला नाही. मलाही नाही. ती तशीच उठली आणि पाहुण्यांना चहा द्यायला लागली. गंमत म्हणजे तो डीजे मला अगदी स्वच्छ ऐकू येत होता, छातीत दणदण वाजत होता. जे ऐकायचं होतं ते मात्र तिने गायलंच नाही. मुलगी वापीला गेली, आणि आत्या त्याच वर्षी वारली.

त्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की बायको गुणगुणायची थांबली आहे. मी तिला म्हटलंसुद्धा, "हल्ली गानं म्हनत नाय तू." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचं कळलं. ती आत्ताच म्हणत होती.

पालघरच्या डॉक्टरांनी कान तपासले, कागदावर एक उतरती रेघ काढून दाखवली. म्हणाले, बारीक आणि उंच आवाज आधी जातात, जाड आवाज बरेच दिवस राहतात. यंत्र दिलं. त्या यंत्राने भांड्यांचा खणखणाट वाढला, रिक्षाचा हॉर्न वाढला, बायकोचा आवाज पत्र्यासारखा झाला. घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं. ती ओरडून बोलली की दमायची, आणि मी कारखान्याच्या सवयीने मोठ्याने बोललो की तिला वाटायचं मी चिडलोय. मग जेवण वाढलंय, गॅस बंद केला का, वापीहून फोन आला होता, एवढंच उरलं. एकाच खोलीत बसून माणसं किती लांब जातात ते मी त्या दिवसांत पाहिलं, आणि मला भीती वाटली.

गिटारचं डोक्यात आलं ते डॉक्टरांच्या बोलण्यावरून. जाड आवाज राहतात ना? तरुणपणी पालघरच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा, त्यातल्या गिटारवाल्यासमोर मी तासन्‌तास उभा राहायचो. गिटार पोटाशी धरली की जाड तार कानाने नाही तरी अंगाने ऐकू येते. मी हिशेब केला की खालचा सूर माझ्याकडे असेल तर त्याला धरून तिचा वरचा सूर सापडेल. अंधारात जिन्याचा कठडा धरून चढतो तसं. हिशेब वेडगळ होता, पण दुसरा नव्हता.

बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. गिटार घरी आली तेव्हा तिने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता हीच एक रायली होती."

पहिल्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचं बोलणं येतंय, पण गिटार ऐकूच येत नाहीये." मी जोर लावून वाजवली. तरी नाही. बऱ्याच खटपटीनंतर कळलं की ॲपमध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय असते, आणि त्या सोयीला माझी गिटार गोंगाट वाटत होती. माणूस बोलला की सोडायचं, बाकी सगळं कापायचं. ज्याने उभा जन्म गोंगाटात काढला त्याचं पहिलं संगीत गोंगाट म्हणून कचऱ्यात गेलं, याचं मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मॅडमनी सेटिंग बदलून घेतली.

बोटं सोलवटली. करंगळी कुठल्याच तारेपर्यंत पोचायला तयार नव्हती. पण मी मॅडमना मनातलं सांगून टाकलं, चार महिन्यांनी असेल, बाकीचे तिघेही क्लास सोडून गेल्यावर. बायकोचं एक हळदीचं गाणं आहे, त्याला साथ करायची आहे. त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत? गाऊन दाखवा, मी कॉर्ड बसवून देते." मी गायलो. त्या ऐकत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, हे काकूंकडूनच घ्यावं लागेल." माझा गळा कुठे चालला होता ते मला कळत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

बायकोला सांगायला दोन दिवस धीर गोळा केला. तिने ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हटलं. तोंडासमोर येऊन, मला ओठ दिसतील असं. "घरात हलद नसताना हलदीचं गानं म्हनायचं नाय. आत्यानं शिकवलंय."

"मंग गुनगुनायचीस ते?"

"ते शब्दांशिवाय. शब्द हलदीलाच."

आमच्याकडे हे पाळतात. हळद नसताना ते शब्द तोंडातून काढले तर घरातलं कोणीतरी निघून जातं म्हणतात. मी विज्ञान शिकलेला माणूस, आयटीआय केलेला, मी चिडायला हवं होतं. पण मी चिडलो नाही, थकलो. मी तिला म्हणालो की तुझा आवाज मला आता येत नाही. बोललेलं येतं थोडं, ओठ बघून. गाणं अजिबात येत नाही. पुढच्या वर्षी काय येईल ते डॉक्टरांनाही माहीत नाही. एवढं सलग मी तिच्याशी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. ती आत गेली.

थोड्या वेळाने ती वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत ओली हळद. ती खाली बसली, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या लाकडाला हळद लावली. जशी लावतात तशी रीतसर, आधी खाली, मग दोन्ही बाजूंना, मग वर मानेला. तारांना लागू दिली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झाली घरात हलद." मी तिला म्हटलं, नवरी जरा सावळी आहे. ती हसली. खूप दिवसांनी हसली.

तिने फोनमध्ये ध्रुपद आणि पहिलं कडवं गायलं. "पुढचं तसंच हाय," म्हणाली आणि थांबली. मी ते मॅडमना पाठवलं. त्यांनी तीन कॉर्ड बसवून दिले, एकही अवघड नाही. माझ्यासाठी त्यांनी जाड तारांवरच सगळं रचलं होतं. कॉर्ड कुठे बदलायचा ते शब्दांवर लिहून न देता मात्रा मोजून दिलं, म्हणजे मला ऐकायची गरज पडू नये. ही पोरगी कोण कुठली, तिने हा विचार केला, याने मला आजही भरून येतं.

मग मी एकट्याने सराव केला. कामावरून आलो की चहा, मग गिटार. बायको स्वयंपाकघरातून डोकावायची आणि जायची. गिटारवरची हळद वाळून पोपडे झाले, पण ती पुसायला मी तयार नव्हतो.

एका रविवारी दुपारी आम्ही बसलो. तिने पुन्हा वाटी आणली, पुन्हा बोटभर हळद लावली. मी फोन रेकॉर्डिंगला लावून स्टुलावर ठेवला, कारण मॅडमनी सांगितलं होतं. मी यंत्र काढून ठेवलं. खिडकी बंद केली. ती समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जवळ.

मी सुरुवात केली. जाड तार पोटात वाजली. तिचे ओठ हलले. पहिल्यांदा मला काहीच आलं नाही, आणि मी मोजत राहिलो. मग पहिल्या कडव्याच्या मध्यावर कुठेतरी ते यायला लागलं. खूप लांबून, पण तिचंच. आई हळद कांडतेय, हात पिवळे झालेत. माझा हिशेब बरोबर निघाला होता. खालचा सूर धरला आणि वरचा सापडला. दुसऱ्या कडव्याला ते आणखी स्वच्छ झालं. किनाऱ्यावरचा भाऊ, भरतीला उशिरा ये म्हणणारा, एकेक शब्द. तिचं एक बोट वर होतं, ती त्याने ताल धरत होती, गोल गोल. मी तिच्या ओठांकडे बघत वाजवत राहिलो आणि माझे डोळे वाहत होते. मी सुखी होतो. नुसता आनंद नव्हता तो, काहीतरी हातचं जाता जाता वाचवल्यासारखं होतं. गाणं संपलं तेव्हा ती उठून आत गेली. मला वाटलं, तिलाही रडू आलं असेल.

रेकॉर्डिंग मॅडमना पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी कंप्रेसर हाउसच्या बाहेर डबा खात असताना त्यांचा निरोप आला. मी तो वाचला आणि पुन्हा वाचला.

"काका, फार सुंदर. एकदाही हात चुकला नाही. काकूंचा आवाज तर काय सांगू. एकच विचारायचं होतं, दुसऱ्या कडव्याला काकू थांबल्या होत्या का? तिथे नुसती गिटारच आहे. शेवटच्या ध्रुपदाला त्या परत येतात."

डबा तसाच बंद केला. बाजूला बसलेल्या पोराला फोन देऊन म्हटलं, हे ऐक जरा, आणि बाईचा आवाज बंद झाला की हात वर कर. त्याने फोन कानाला लावला. मी मनात मात्रा मोजत होतो, पहिलं कडवं संपायच्या सुमाराला त्याने हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. समोर मशीन चालू होती. दारातून आतला ऑपरेटर दिसत होता, तो कोणाला तरी बोट गोल फिरवून सांगत होता, चालू ठेव, इकडचं मी बघतोय. ही खूण मी हजारदा केली असेल. काल ती माझ्याच घरात, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बाईने मला केली आणि मला तो ताल वाटला.

घरी गेलो. ती भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि विचारलं. तिने मान वर केली नाही, मग लक्षात येऊन केली, मला ओठ दिसावेत म्हणून.

"इसरले," ती म्हणाली. "दुसरं कडवं इसरले. पयलं झालं आनि पुढं कायच नाय. त्या दिवशी फोनमधी पन म्हनूनच थांबले होते. वाटलं, आठवंल. मांडवात म्हनायचं रायलं, मग कोनाला म्हनायचं रायलंच नाय. आत्याला इचारायला गेले असते तर ती पन नाय."

"मग ओठ?"

"तुमचा हात चालला होता. एवढ्या दिसांनी चालला होता. थांबले असते तर तुमी पन थांबला असता. म्हनून तोंड हालवलं, आनि बोट दावलं की तुमाला." मग तिने मला विचारलं, अगदी हळू, मला ते ओठांवरून वाचावं लागलं. "तुमाला काय ऐकू आलं?"

मी खरं सांगितलं. मला दुसरं कडवं ऐकू आलं होतं, सगळं. तिच्याच आवाजात. आणि ते बोलता बोलता मला पुरतं कळलं की पहिलं कडवंही मी असंच ऐकलं असणार. कानाने काही आलं नव्हतं. जे आत साठलं होतं तेच वाजलं, आणि ते संपेपर्यंतच ते माझं आहे. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. ती समोर असून, तिचा हात माझ्या हातावर असून.

मग ती म्हणाली, "सांगा मंग."

"काय?"

"शब्द. तुमच्याकडंच हायेत ते आता."

ती उठली, वाटी घेऊन आली. यावेळी हळद तिने गिटारला लावली नाही, माझ्या कपाळाला लावली, आणि माझ्यासमोर बसली. मी दुसरं कडवं सांगायला लागलो, ओळीमागून ओळ, माझ्या त्या कारखान्यातल्या आवाजात, बहुतेक अख्ख्या बिल्डिंगला ऐकू गेलं असेल. भाऊ, किनारा, भरती. एकेक ओळ झाली की तिचे ओठ हलत. एका ओळीला तिने मान हलवली, तिला ती आठवली होती, आणि पुढची तिने माझ्याआधी घेतली.

मी गप्प झालो. गिटार भिंतीला टेकलेली होती, मी ती घेतली नाही. ती गात होती, गळ्याची शीर हललेली दिसत होती. शब्द माझ्याकडून तिच्याकडे गेल्यामुळे की काय, आत काहीच वाजलं नाही. शांत होतं सगळं. तिने गाता गाता माझ्याकडे पाहिलं, येतंय का असं विचारल्यासारखं.

मी एक बोट वर केलं आणि ते गोल फिरवत राहिलो.